जुनं सुती लुगडं फेकू नका



भीमजयंतीच्या आधी घर आवरायला, रंगवायला काढलं की पेटीच्या तळाशी एखादं जुनं सुती लुगडं निघतंच. कुणाच्या आजीचं असतं, कुणाच्या सासूबाईंचं. नेसायच्या कामाचं राहिलेलं नसतं, टाकवतही नाही. मग एक तर ते बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला जातो, नाहीतर पायपुसणं होतं.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही या लुगड्याबद्दलच बोलणार आहोत. सुई, दोरा आणि कात्री एवढ्यावर त्यातून घरच्या घरी चार वस्तू होतात: पाणी गाळायचं फडकं, पाळीची घडी, बाळाचं दुपटं आणि नाचणी-मुगाला मोड आणायचं फडकं. या चारही वस्तूंचा घरच्या आजारपणाशी, म्हणजेच घरच्या खर्चाशी, थेट संबंध आहे. पण त्या शिवल्या म्हणजे काम संपलं असं नाही. त्या कशा धुतल्या, कुठे वाळवल्या, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी कापडाची परीक्षा करा. कापडावर पाण्याचा थेंब टाका. सुती कापड तो लगेच पिऊन घेतं. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर थेंब बराच वेळ वरच राहतो. शंका असेल तर एक धागा काढून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक गोळी बनते. आपल्याला सुती कापडच हवं, आणि वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं असेल तर फारच उत्तम.

पाणी गाळायचं फडकं

बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे. तिथल्या गावांत तळ्या-नद्यांचं पाणी प्यायलं जाई आणि दरवर्षी कॉलरा येई. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बायांना एकच गोष्ट करायला सांगितली. घागरीच्या तोंडावर जुन्या सुती साडीचे अनेक पदर करून बांधायचे आणि त्यातून पाणी गाळून भरायचं. सुमारे ६५ गावांत हा प्रयोग झाला. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे साडीने पाणी गाळलं, तिथे कॉलराचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॉलराचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात. नव्या कापडाची छिद्रं मोठी असतात. कापड पुन्हा पुन्हा धुतलं की सूत फुलतं, छिद्रं भरून येतात. अशा कापडाचे चार ते आठ पदर केले की मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी बारीक चाळणी तयार होते. ते जीव तिच्यात अडकतात आणि त्यांना चिकटलेले जंतूही अडकतात. म्हणून या कामाला नव्यापेक्षा जुनी साडी चांगली.

मात्र जे जंतू कशाला चिकटलेले नसतात, ते कापडातून पार होतात. कावीळ करणारे विषाणूही पार होतात. आपल्या वस्त्यांत पाण्याची पाइप गटाराला खेटून जाते, कधी गटारातूनच जाते. म्हणून आधी गाळा आणि मग उकळा. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट तसंच उकळू द्या, झाकून गार करा आणि ओगराळ्याने घ्या.

फडकं शिवताना हंड्याच्या तोंडापेक्षा वीतभर मोठा चौकोन होईल एवढं कापड घ्या. चार पदर करा, कडा दुमडून चारही बाजूंनी धावदोरा घाला. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घाला. तो टाका असलेली बाजू कायम वर ठेवायची. फडकं उलटं बांधलं तर काल अडकलेली घाण आज हंड्यात उतरते. रोज साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. दोन फडकी असली की एक वाळेपर्यंत दुसरं वापरता येतं.

पाळीची घडी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या मुलींना पाळीत काय वापरता असं विचारलं गेलं. त्यांतल्या निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं. काही जणी कापड आणि पॅड दोन्ही वापरतात. म्हणजे कापड हा काही आजीच्या काळातला विषय नाही. तो आजचा आणि आपल्या घरातला विषय आहे.

स्वच्छ कापड वापरण्यात कमीपणा नाही आणि धोकाही नाही. घडी अशी करा:

कापडाचा दीड फूट लांब आणि एक फूट रुंद तुकडा कापा. चारही कडा दुमडून धावदोरा घाला, म्हणजे सुतं निघणार नाहीत. रुंदीत चार पदर आणि लांबीत दोन पदर घाला. नऊ इंच लांब, तीन इंच रुंद अशी आठ पदरांची घडी होते. हे पदर एकमेकांना शिवू नका. धुताना घडी पूर्ण उलगडली पाहिजे, तरच ती आतपर्यंत स्वच्छ होते आणि लवकर वाळते.

घडी जागेवर राहावी म्हणून खाली पट्टी लागते. दोन पदरी कापडाची दहा इंच लांब पट्टी कापा. मध्यभागी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांचे पंख ठेवा. पंखांच्या टोकांना टिचबटण लावा, म्हणजे ते चड्डीच्या खालून बंद होतील. पट्टीच्या दोन्ही टोकांना अर्धा इंच रुंदीचा एकेक आडवा बंद शिवा. घडीची टोकं त्या बंदांखाली सरकवली की ती हलत नाही. टिचबटण लावताना दोरा चार-पाच वेळा फिरवून घट्ट गाठ मारा.

नऊवारी लुगडं म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. विरलेला, फाटका भाग सोडला तरी त्यातून वीस-पंचवीस घड्या निघतात. एकीला सहा-आठ घड्या आणि दोन-तीन पट्ट्या पुरतात. एका लुगड्यात घरातल्या आई आणि दोन्ही लेकींचं काम भागतं. मात्र प्रत्येकीच्या घड्या वेगळ्या ठेवा. ओळखायला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घाला.

घडी दर चार ते सहा तासांनी बदला. बदलण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. वापरलेली घडी आधी गार पाण्यात धुवा, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. रक्त निघालं की साबण आणि गरम पाणी. मग कडक उन्हात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात वरून गरम इस्त्री फिरवा. वाळलेल्या घड्या स्वच्छ कापडी पिशवीत ठेवा. कापड कडक झालं, वास राहू लागला की ते टाका. वर्षभराच्या पुढे एकच घडी ओढू नका.

घडी लपवू नका

वस्त्यांतल्या बैठकांत आम्ही विचारतो, घडी वाळवता कुठे? उत्तरं अशी येतात: मोरीत, गादीखाली, पत्र्याच्या सांदीत, दुसऱ्या ओल्या साडीच्या आत. दहा बाय दहाची खोली, दाराबाहेर गल्ली, गल्लीत माणसं. घडी उन्हात टाकायची कशी, हा प्रश्न खरा आहे.

पण लपवण्याची किंमत शरीर मोजतं. ओडिशातल्या बायांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळीचं कापड घरात वाळवणाऱ्या आणि संडासात लपवून ठेवणाऱ्या बायांमध्ये योनीमार्गाचा बुरशीचा संसर्ग जास्त आढळला. कापड दमट राहिलं की त्यावर बुरशी धरते. अर्धवट वाळलेली घडी पुन्हा लावली की खाज, जळजळ, पांढरं जाणं सुरू होतं. बाई लाजेने महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाही. म्हणजे दोष कापडाचा नसतो. कापडाला ऊन मिळत नाही, कारण ते दिसू नये असं आपल्याला वाटतं.

का दिसू नये? घरात कुणी तरी म्हणतं, विटाळ आहे. बंधू-भगिनींनो, हा शब्द आपल्याला चांगला ओळखीचा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या सावलीला हाच शब्द लावला गेला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर आपली माणसं महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तेव्हा तळं बाटलं म्हणून त्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे सांगायला आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली. त्याच घरात आज लेकीच्या अंगच्या रक्ताला आपण विटाळ म्हणायचं का? गर्भ वाढावा म्हणून गर्भाशयात तयार झालेलं अस्तर गर्भ राहिला नाही की गळून पडतं. पाळी म्हणजे एवढंच.

म्हणून आमची सूचना आहे. वस्तीत, चाळीच्या गच्चीवर किंवा विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत बायांसाठी एक दोरी बांधा. ऊन येईल अशी जागा निवडा. दोरीला स्वतःचे चिमटे ठेवा. पोरांनी विचारलं तर सरळ सांगा की हे पाळीचं कापड आहे, त्याला ऊन लागतं. जे पोरगं हे लहानपणी ऐकतं, ते मोठेपणी शाळेत मुलीच्या झग्यावरचा डाग पाहून हसत नाही.

ज्या ताई दिवसभर कामावर असतात, जिथे घडी बदलायला आणि धुवायला जागा नाही, त्यांनी पॅड जरूर वापरावेत. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाचा पॅड एक रुपयाला मिळतो. मात्र वापरलेला पॅड संडासात किंवा गटारात टाकू नका. तुंबलेल्या गटारात हात घालून तो पॅड कोण काढतं? बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला, आपल्याच नात्यातला माणूस. पॅड जुन्या कागदात गुंडाळा आणि कागदावर लाल ठिपका काढून मगच कचऱ्यात द्या. कचरा वेगळा करणारीला आत काय आहे ते हात न लावता कळतं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने लाल ठिपक्याची ही पद्धत लोकांपर्यंत नेली. ती प्रत्येक वस्तीत यायला हवी.

बाळाचं दुपटं आणि लंगोट

घरात बाळंतपण असेल तर सातव्या महिन्यातच मऊ लुगड्याची दुपटी, लंगोट, झबली आणि टोपरी शिवून ठेवा. शिवून झाल्यावर ती धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधा. पेटीतून काढलेलं कापड तसंच बाळाला लावू नका.

जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं पुसायचं आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. वरून दुपटं आणि डोक्याला टोपरं घालायचं. बाळाच्या अंगातली बरीच ऊब डोक्यातून जाते, म्हणून टोपऱ्याचं महत्त्व. पहिले २४ तास बाळाला आंघोळ घालायची नाही. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही. ती उघडी आणि कोरडी राहू द्यायची. लंगोट नाळेच्या खाली बांधायचा आणि ओला झाला की लगेच बदलायचा.

दुपट्याला बटणं, टिकल्या, लोंबते दोरे नकोत. बाळ झोपलेलं असताना त्याच्या तोंडाजवळ जड गोधडी किंवा उशी ठेवू नका. गोधडीने नाक दबलं तर एवढंसं बाळ ती बाजूला सारू शकत नाही.

मोड आणायचं फडकं

लुगड्याचा शेवटचा तुकडा स्वयंपाकघरासाठी. पाळीला वापरलेलं कापड इथे कधीही आणायचं नाही, म्हणून हा तुकडा पहिल्यांदाच कापून बाजूला काढा.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यावं, वरचं पाणीही नको. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू करायचं. अनेक घरांत इथेच बाळाच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. पोट भरतं, रक्त वाढत नाही. वर सांगितलेल्या पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात त्याच्या पासंगालाही नसतं. नाचणीला मोड आणले की तिचं सत्त्व बाळाला अधिक पचतं आणि त्यातलं लोहही अंगी लागायला मदत होते. मोडाच्या पिठाची खीर पातळ राहते, त्यामुळे थोड्या वाटीत जास्त पीठ बाळाच्या पोटात जातं.

एक किलो नाचणी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात सैल बांधा आणि टांगून ठेवा. फडकं कोरडं पडू देऊ नका. एक-दोन दिवसांत बारीक मोड येतात. वास आला किंवा चिकट झाली तर ती नाचणी बाळासाठी वापरू नका. मोड आलेली नाचणी स्वच्छ कापडावर पसरून, वरून पातळ फडकं झाकून कडक वाळवा. मंद आचेवर भाजा, दळून आणा आणि चाळून कोरड्या डब्यात ठेवा. पाव किलो मुगालाही असेच मोड आणून, वाळवून, भाजून त्यातच दळलं की पीठ आणखी कसदार होतं.

दोन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून मंद आचेवर सतत हलवत शिजवा. वरून चमचाभर तेल किंवा तूप घाला. दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ घालायची गरज नाही. पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, मऊ शिजवलेली डाळ, बारीक केलेली कलेजी हेही सहा महिन्यांनंतर थोडं थोडं सुरू करता येतं. मोठ्यांनी पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळावं आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. लिंबामुळे लोह अंगी लागतं, चहा ते अडवतो. भाजी लोखंडी कढईत केली तर तिच्यात लोह उतरतं.

पाच रुपयांची दोन पाकिटं रोज घेतली तर महिन्याला ३०० रुपये होतात. तेवढ्यात तुमच्या दुकानात किती अंडी आणि किती नाचणी येते, एकदा भाव विचारून हिशोब करा.

सुई कुणाची?

हे सगळं वाचून घरातले पुरुष म्हणतील, शिवण-टिपण बायांचं काम. त्यांच्यासाठी एक माहिती. भिक्खूने जवळ ठेवायच्या आठ वस्तूंमध्ये तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा आणि कमरपट्टा यांच्याबरोबर सुई आणि पाणी गाळायचं फडकंही असतं. पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून प्यायचं. आणि चीवर फाटलं तर ते भिक्खूने स्वतः शिवायचं. विनयपिटकाच्या महावग्गात सांगितलं आहे की बुद्धांनी मगधातली बांध घातलेली शेतं आनंदाला दाखवली आणि तशा तुकड्यांचं चीवर जमेल का, असं विचारलं. आनंदाने तुकडे जोडून ते करून दाखवलं, तेव्हा बुद्धांनी त्याची स्तुती केली. आजही चीवर त्याच शेताच्या नमुन्याचं असतं. आनंदाने सुई धरली, तर दादांनी पाण्याच्या फडक्याला धावदोरा घालायला काय हरकत आहे?

घरच्या उपायांवर थांबू नका

पुढचं काही दिसलं तर आशाताईला सांगा आणि दवाखान्यात जा: दुर्गंधीचं पांढरं जाणं, खाज, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखून ताप, सात दिवसांच्या वर पाळी, तास-दोन तासांनी घडी पूर्ण भिजणं. बाळ दूध ओढत नसेल, अंगाला गार लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. आशाताईकडून ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या घ्या. झिंक १४ दिवस द्यायचं असतं, जुलाब आधी थांबले तरीही. डोळे खोल गेले, बाळ मलूल झालं किंवा शौचातून रक्त पडलं, तर लगेच दवाखाना गाठा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर थांबा. प्रत्येकीने घरातलं एक जुनं सुती लुगडं आणा, एका ताईने कात्री, एकीने सुया आणि दोऱ्याची रिळं. ज्या आजींना बारीक टाका येतो, त्यांनी मुलींना शिकवावं. मुलांनाही बसवा. आणि उठण्याआधी ती उन्हातली दोरी कुठे बांधायची, ते ठरवूनच उठा.